न ऐकता दिलेला होकार

पालमच्या बसस्टँडजवळ लिंगराजअप्पांचं साऊंड सर्व्हिसचं दुकान होतं. पंचक्रोशीतल्या लग्नांच्या मंगलाष्टका, सप्ताहातली कीर्तनं, निवडणुकीतली भाषणं, हरवलेल्या म्हशीची दवंडी, सगळं अप्पांच्या भोंग्यातून जायचं. भोंगा कोणत्या लिंबाला बांधायचा, त्याचं तोंड कुणीकडं करायचं, वारं फिरलं तर आवाज कोणत्या वस्तीवर जाईल, याचा त्यांना पक्का अंदाज. कपाळावर विभूती, अंगात पांढरी बंडी आणि हातात वायरचं वेटोळं, अशा रूपातच गावानं त्यांना कायम पाहिलेलं.

पण उभा जन्म भोंग्याशेजारी काढलेल्या माणसाच्या कानांचं जे व्हायचं तेच अप्पांच्याही कानांचं झालं. ते काही एका दिवसात गेले नाहीत. आधी लहान पोरांचं बोलणं पुसट झालं, मग बायामाणसांचं. मग कुकरची शिट्टी गेली. उरला तो नुसता घुमारा. समोरचा बोलतोय हे कळायचं, काय बोलतोय ते कळायचं नाही. अप्पांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. साऊंडवाला बहिरा झाला म्हटल्यावर गावाला वर्षभराची करमणूक झाली असती.

ते ओठ वाचायला शिकले, आणि बरे शिकले. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असतानाच त्यांची नजर त्याच्या तोंडावर जायची. मग कोरोना आला आणि सगळ्या गावानं तोंडाला फडकं बांधलं. त्या दिवसापासून अप्पांचं दुकानात बसणं कमी झालं. लोकांना वाटलं, धंदा बसला म्हणून अप्पा मनातून खचले.

खरं काय ते एका गौराबाईंना माहीत होतं, आणि त्यांनी ते कधी नवऱ्याजवळही बोलून दाखवलं नव्हतं. त्या फक्त अप्पांच्या उजव्या अंगाला बसत. त्या कानात अजून थोडी धुगधुगी होती. कुणी काही बोललं की गौराबाई तेच मोठ्यानं परत म्हणत. "काय म्हणता, मांडव बुधवारी हाय?" "आस्सं, सासूबाई वारल्या का!" गौराबाईंना दुसऱ्याचं बोलणं घोकायची खोडच आहे, असं गाव हसून म्हणायचं. गौराबाईंनी ते हसू नवऱ्यासाठी अंगावर घेतलं होतं.

दोघांची एकुलती एक लेक शिवकन्या. परभणीला फिजिक्स शिकली आणि पुढं पुण्याला संशोधन करायला गेली. ज्वालामुखी फुटला की आजूबाजूच्या हवेला जबर धक्का बसतो, आणि त्या दाबाची लाट पृथ्वीभर पसरत जाते. ती लाट कशी जाईल, कुठं केव्हा पोचेल, याची हुबेहूब नक्कल ती कॉम्प्युटरात करायची. सुट्टीला आल्यावर गौराबाईंनी एकदा तिला विचारलं होतं, "आगं पण आपल्याकडं कुठं हाय ज्वालामुखी?"

"आई, तू बसलीस ना, ती काळी जमीन त्याचीच. कोट्यवधी वर्षांपूर्वी सगळा लाव्हा होता हितं."

गौराबाईंनी नकळत पाय वर घेतले होते, आणि बापलेक पोट धरून हसले होते.

शिवकन्या रोज संध्याकाळी फोन करी. आधी आई बोले आणि सरतेशेवटी फोन अप्पांच्या कानाला लावी. अप्पांचं बोलणं ठरलेलं. "हां माय. बरं बरं. सांभाळून ऱ्हा. तुला जसं बरं वाटंल तसं कर." फोनमध्ये त्यांना लेकीचं बोलणं म्हणजे लांबवर चाललेल्या मोटारीसारखं वाटे. पण ते तिचंच आहे एवढं कळे, आणि त्यांचं तेवढ्यावर भागे.

त्या वर्षी संक्रांतीला शिवकन्या घरी आली ती राहिलीच. कोरोनाची तिसरी लाट आली होती, पुण्यात वसतिगृह रिकामं करायला सांगितलं होतं. तिनं माडीवरच्या खोलीत लॅपटॉप मांडला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, पॅसिफिक समुद्रात टोंगा बेटांजवळ पाण्याखालचा ज्वालामुखी फुटला. दुपारी शिवकन्या जिन्यावरून धावतच खाली आली. तिचे केस मोकळे होते, डोळे लकाकत होते. ती आईला धरून काहीतरी भराभर सांगत सुटली. अप्पा ताटावर बसले होते. लेकीचे ओठ इतके जलद चालले होते की त्यांच्या हाती चार-दोन शब्दच लागले. फुटला. समुद्र. आपल्यावरून. त्यांनी मान डोलावली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तिच्या फोनमध्ये हवेचा दाब मोजायची सोय होती. तो फोन तिनं माडीच्या कोनाड्यात ठेवला आणि त्याच्यासमोर ठाण मांडून बसली. दिवेलागणीनंतर केव्हातरी त्या फोनवरची रेघ चढली, उतरली आणि परत सपाट झाली. लाट पालमवरून गेली होती. त्या वेळी अप्पा ओसरीवर वायर गुंडाळत होते. त्यांना काही कळलं नाही. गावात कुणालाच काही कळलं नाही.

फोन तिथंच ठेवून पुढचे दिवस शिवकन्या माडीवरून जेवायलाच काय ती खाली यायची. जगभरच्या माणसांनी आपापल्या यंत्रांवरच्या रेघा पाठवल्या होत्या, आणि तिच्या कॉम्प्युटरातली लाट त्यांच्याशी पडताळून पाहायची होती.

अशाच एका सकाळी अप्पा परमेश्वरच्या हॉटेलात चहाला बसले. परमेश्वरनं चहा फुंकायला मास्क हनुवटीखाली ओढला आणि तोंड भरून हसत काहीतरी म्हणाला. अप्पांना ओठांवर एकच शब्द नीट दिसला.

"इडली नको," अप्पा म्हणाले. "चहाच बास."

परमेश्वरला हसू आवरेना. तो पुढं वाकून मोठ्यानं म्हणाला, "इडली न्हाई ओ अप्पा, इटली! पोरगी इटलीला निघाली म्हणं तुमची. दोन वर्षं! आमची प्रियांका सांगायलती, तिची मैत्रीण. पेढे कवा मग?"

अप्पांनी कप बशीत ठेवला.

"कुणी सांगितलं प्रियांकाला?"

"शिवकन्यानंच की. लय कौतुक करायलती तुमचं. अप्पांनी फोनवरच हो म्हणलं म्हणं, एका शब्दानं आडवलं न्हाई." परमेश्वरनं मान हलवली. "मोठं काळीज लागतं ओ. माझ्यानं झालं नसतं."

अप्पा घराकडं निघाले ते चालताना एकाएकी रस्त्यात थांबले. दिवाळीच्या आधीची एक संध्याकाळ त्यांना आठवली. गौराबाई बहिणीकडं गंगाखेडला गेल्या होत्या. फोन आला तेव्हा अप्पा घरी एकटे. त्या दिवशी शिवकन्या खूप वेळ बोलत होती. मध्येच थांबली होती. मग आवाज वर गेला होता, प्रश्न विचारताना जातो तसा. अप्पांनी नेहमीचंच सांगितलं होतं, "तुला जसं बरं वाटंल तसं कर." पलीकडून नाक ओढल्यासारखं काहीतरी आलं होतं. त्यांना वाटलं, पोरीला सर्दी झाली.

इटली! दोन वर्षांमागं टीव्हीवर त्या देशातल्या शवपेट्यांच्या रांगा त्यांनी पाहिल्या होत्या.

गौराबाई अंगणात उन्हाला बसून तूर पाखडत होत्या. अप्पा त्यांच्यासमोर पायरीवर बसले.

"शिवा इटलीला चालली, तुला ठावं हाय?"

गौराबाईंचं सूप थांबलं. "तुमीच तर हो म्हणलात." त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा होता, पण त्यात एक जुनं दुखणं होतं. "मला दिवाळीला आल्यावर सांगितलं तिनं. मी म्हणलं, बापानं एवढ्या मोठ्या मनानं हो म्हणलंय, आता मी कामून आडवी पडू? बसले गिळून. तुमी घरात एक शब्द काढला न्हाई, म्हणून आमी दोघींनी बी काढला न्हाई. वाटलं, तुमालाच जड जायलंय."

अप्पा जमिनीकडं पाहत होते. शेवटी म्हणाले, "मला ऐकू आलं नव्हतं, गौरा."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. गौराबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या उठल्या आणि अप्पांच्या उजव्या अंगाला येऊन बसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "वर जा. तिला सांगा."

"काय सांगू? साऊंडवाला बहिरा झाला म्हणून?"

"बाप बहिरा झाला म्हणून सांगा. साऊंडवाल्याशी तिला काय करायचंय?"

अप्पा माडीवर गेले तेव्हा दुपार कलली होती. शिवकन्याला वाटलं, अप्पा तिचं काम पाहायला आले. तिला इतका आनंद झाला की तिनं आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः उलट्या डब्यावर बसली. अप्पांचं सांगायचं ओठांवरच राहिलं.

पडद्यावर निळ्या रंगात पृथ्वी होती. तिनं बोट दाबलं. समुद्रातल्या एका ठिपक्यातून तांबडं कडं निघालं आणि मोठं मोठं होत चाललं. ऑस्ट्रेलिया ओलांडून ते हिंदुस्थानावर आलं, पुढं गेलं. पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, आफ्रिकेच्या वाळवंटात, सगळीकडून येऊन ते एका जागी गोळा झालं आणि पुन्हा उलटं पसरायला लागलं. असं ते कितीतरी वेळा झालं, दर वेळी जरा फिकं होत.

"ह्ये तू केलं?" अप्पांनी विचारलं.

"हौ अप्पा." तिनं तोंड त्यांच्याकडं वळवलं, म्हणून त्यांना कळलं. "सगळ्या हवेचे मी बारीक बारीक डबे पाडलेत. एका डब्याला धक्का बसला की तो शेजारच्याला देतो, तो त्याच्या शेजारच्याला. कॉम्प्युटर नुसता हिशोब ठेवतो, कुणी कुणाला किती ढकललं ते. पण माझी लाट खऱ्या लाटेशी जुळंना. मग ध्यानात आलं, मी सगळीकडची हवा सारखीच धरली होती. ऊन हवेतनं लाट जोरात पळती, गार हवेतनं हळू. वरून वारं तिला कुठं मागं ओढतं, कुठं पुढं ढकलतं. त्या दिवसाचं खरं वारं आन खरं ऊन भरलं, तवा कुठं जुळायला लागली."

वाऱ्यानं आवाज ओढला जातो हे अप्पांना समजलं. जन्मभर तेच केलं होतं. त्यांनी विचारलं, "ह्यो आवाजच म्हणायचा का मग?"

"आवाजच. पण इतका खालच्या पट्टीतला की माणसाच्या कानाला कळत न्हाई. तिकडं जवळपास लोकांनी धडाका ऐकला. हजारो मैलांवर बी ऐकला म्हणतात. पण हितं आपल्याकडं कुणालाच न्हाई."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच."

"मग बरं झालं," अप्पा म्हणाले. "मला वाटलं, मलाच न्हाई आला."

शिवकन्या हसता हसता थबकली, त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि मग पडद्याकडं वळली. अप्पा त्या तांबड्या कड्याकडं पाहत राहिले. काही वेळानं लेकीचा जबडा हलल्यासारखा दिसला. ती पाठमोरी होती, ओठ दिसत नव्हते. नुसता घुमारा आला. सवयीनं अप्पांच्या तोंडून गेलं, "बरं बरं माय. सांभाळून."

शिवकन्या वळली नाही. तिची पाठ ताठ झाली. मग ती हळूच वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ती डबा ओढून अगदी त्यांच्या गुडघ्यांशी येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अप्पा. मी आत्ता म्हणलं, आपल्या माडीवर हत्ती चढायलाय."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. लपायला जागा उरली नव्हती. त्यांना उगाच हसू फुटलं.

"कवापासनं अप्पा?"

"लय दिवस झाले."

"आन दिवाळीच्या वक्ताला, फोनवर?"

"त्येच सांगायला आलतो."

शिवकन्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. तिचं कामच मुळी लाटांचं. ज्या लाटा कुणाला ऐकू येत नाहीत त्या ती पृथ्वीच्या पाठीवर कुठंही हुडकून काढी. आणि आपल्या बापाला आपण ऐकू येत नाही, हे तिला कळलं नव्हतं. ती रडली ती त्या दुःखानं. अप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुझी काय चूक न्हाई माय. मी लय हुशारीनं लपवलंय."

"मग मी इटलीला कळवते. न्हाई येत म्हणून."

"कामून?"

"तुमी हो म्हणलाच न्हाई."

आता अप्पा नुसते न बोलता बसून राहिले असते तरी पोरगी घरी राहिली असती. तो मोह त्यांना झाला, आणि चांगलाच झाला. पण मग ते म्हणाले, "आज काय बी कळवू नको. मला आदी ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी शिवकन्या वडलांबरोबर दुकानात गेली. शटर वर करून तिनं विचारलं, "अप्पा, आपला सगळ्यात मोठा बेस कोणता?" दोघांनी मिळून कोपऱ्यातलं धूळ खाल्लेलं खोकं पुढं ओढलं, ज्यात पाटाएवढा स्पीकर होता. अप्पांनी मशीन जोडलं. इतक्या दिवसांनी वायरी हातात आल्यावर त्यांची बोटं आपोआप चालली.

"कोनाड्यातल्या फोनवर जी रेघ उमटली ना, आपल्या घरावरून गेलेली, ती मी हजारो पट पळवली," शिवकन्या समोर उभी राहून म्हणाली. "मंजे ती कानाला कळंल अशा पट्टीत येती. पहिल्यांदा गेली ती, मग पृथ्वीला वळसा घालून मागनं आलेली, मग परत. हात ठेवा हितं."

अप्पांनी स्पीकरच्या काळ्या पडद्यावर तळवा टेकवला. तिनं बटण दाबलं.

धुम्म. तळव्याला खालून कुणीतरी ढकललं. थोडं थांबून पुन्हा, जरा हळू, धुम्म. मग आणखी एक, अगदी नाजूक, बाळानं आतून लाथ मारावी तशी. शिवकन्या पोटात असताना गौराबाईंनी त्यांचा हात असाच धरून ठेवला होता, ते त्यांना आठवलं.

"ऐकू आलं," ते म्हणाले. त्यांना खरंच ऐकू आलं होतं, नुसतं हाताला नव्हे. "कान गेलेत ते वरच्या पट्टीचे. खालच्या पट्टीचं अजून शाबूत हाय वाटतं. परत लाव."

तिनं परत लावलं. मग परत. समोरून परमेश्वर डोकावला आणि विचारलं, "काय अप्पा, कोणतं गाणं ह्ये?"

"टोंगाचं," अप्पा म्हणाले. आणि मग, शिवकन्याला वाटलंही नव्हतं असं, पुढं म्हणाले, "मास्क काढून बोल रे परमेश्वर. मला ऐकू येत न्हाई."

परमेश्वर हसला नाही. त्यानं मास्क काढला आणि दोन पावलं पुढं येऊन म्हणाला, "मला थोडं वाटलंच होतं अप्पा. चहा पाठवू का?"

एसटीचा संप चालू होता. बापलेक जीपनं गंगाखेडला गेले आणि तिथून रेल्वेनं परभणीला. कानाच्या दवाखान्यात एका बंद खोलीत अप्पांच्या कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. अप्पा शाळकरी पोरासारखे ताठ बसले होते. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडं, खालच्या पट्टीला, ती बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडं, वरच्या पट्टीकडं जाताना टेकडीवरून उतरावी तशी घसरत गेली होती. "लोक कान दुखले तरी दाखवत नाहीत, तुम्ही आलात हे बरं केलंत," त्या म्हणाल्या. अप्पांनी लेकीकडं पाहिलं. ती त्या घसरत्या रेघेवरून बोट फिरवत होती.

कानातलं मशीन मिळालं त्या दिवशी दोघं पुन्हा परभणीला गेले होते. पहिल्यांदा अप्पांना काय ऐकू आलं तर पिशवी. शिवकन्याच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरली आणि ते दचकले. मग स्वतःच्या चपलांचा आवाज. मग रेल्वेत तर त्यांनी मशीन काढून खिशातच ठेवलं. "एवढा गोंगाट असतो का जगात?" ते म्हणाले. "ह्यातला निम्मा तर माझ्याच भोंग्यांनी केला आसंल."

गंगाखेडला उतरल्यावर जीपला वेळ होता. दोघं गोदावरीच्या घाटावर जाऊन बसले. उन्हं नदीवर तिरपी पडली होती. पलीकडच्या काठानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता. अप्पांनी मशीन पुन्हा कानात घातलं.

"आता सांग," ते म्हणाले. "त्या दिवशी फोनवर सांगितलं तसंच. सगळं."

शिवकन्यानं नदीकडं पाहिलं आणि सांगायला लागली. आवाज मुद्दाम चढवला नाही. इटलीत एक जिवंत ज्वालामुखी आहे, तो सारखा धुमसत असतो, त्याच्या भोवती हवेचा दाब मोजणारी यंत्रं पेरलेली आहेत. तिथल्या माणसांना तिचं काम आवडलं. दोन वर्षांसाठी बोलावलंय. मोठा स्फोट व्हायच्या आधी गावांना सावध करता येईल का, ते पाहायचंय. इथवर अप्पांना अपेक्षा होती. मग ती थांबली आणि म्हणाली, "आन मी त्या दिवशी म्हणलं होतं, अप्पा, मला भीती वाटायलीय. मला तिथली भाषा येत न्हाई. तुमी दोघं थकायलाव. मला जावं वाटतंय आन न्हाई बी वाटत. तुमीच सांगा, काय करू?"

अप्पांना आता त्या संध्याकाळचा तो वर गेलेला आवाज कळला. पोरीनं परवानगी मागितली नव्हती. धीर मागितला होता. आणि त्यांनी तिला तुझं तू बघ म्हणून सांगितलं होतं.

"मग तू रडलीस."

"हौ. वाटलं, अप्पांचा केवढा इश्वास हाय आपल्यावर."

"इश्वास हायच," अप्पा म्हणाले. "पण मला बी भीती वाटायलीय. खरं सांगतो. त्या दिवशी ऐकू आलं असतं तर न्हाई म्हणलो असतो." ते तिच्याकडं वळले. "तुझ्या ज्वालामुखीच्या जवळ किती ऱ्हायचं असतं?"

"शहरात ऱ्हायचं. लांब हाय."

"जेवायचं काय?"

"करीन मी."

"संगं कोण?"

ते विचारत गेले, ती सांगत गेली. खोली कुठं, आजारी पडलीस तर दवाखाना कुठं, सुट्टी कवा, तिकडं थंडी किती. पोरीला परदेशी पाठवणारा बाप पहिल्याच दिवशी जे विचारतो ते सगळं अप्पांनी तीन महिने उशिरा, एकेक करून विचारलं. त्यांची भीती काही गेली नाही. पण त्या भीतीला आता हातपाय फुटले, खोली मिळाली, रस्ते मिळाले, आणि मग ती आधीइतकी आंधळी राहिली नाही.

शेवटी ते उठले. "माझी ना न्हाई. पण एवढ्यानं भागत न्हाई. तुझ्या आईला कुणीच इचारलं न्हाई. माझ्या हो म्हणण्यानं तिचं तोंड बंद झालतं, आन ते हो तर हो नव्हतंच."

घरी पोचल्यावर गौराबाईंनी दारातूनच नेहमीच्या सवयीनं ओरडून विचारलं, "आलाव का?" आणि अप्पांनी कानावर हात ठेवून डोळे मिटले.

"हळू," शिवकन्या हसत म्हणाली. "आता हळू बोल आई."

गौराबाई गोंधळल्या. हळू बोलायचं कसं ते त्या विसरूनच गेल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग घशातून एक बसका, बारीक आवाज आला. "चहा ठेवू का?"

अप्पा त्यांच्याकडं बघतच राहिले. लग्नात बोहल्यावर मान खाली घालून बसलेली पोरगी याच आवाजात नाव घेती झाली होती. "ठेव," ते म्हणाले, आणि जरा वेळानं, "तुझा घसा बसलाय गौरा. माझ्यापायी."

"बसू द्या," गौराबाई म्हणाल्या आणि लगबगीनं आत गेल्या.

चहा झाल्यावर शिवकन्यानं आईला विचारलं. नीट, समोर बसून.

"मला इचारलं तर मी न्हाई म्हणीन," गौराबाई म्हणाल्या.

"बरं. मग न्हाई जात."

"आगं, पुरतं ऐक तर! मला न्हाई म्हणायला तर मिळू दे. तुझ्या अप्पांनी ती बी सोय ठेवली न्हाई. मी आता चार-सहा दिवस न्हाई म्हणणार. रडणार. भांडणार. तू ऐकून घ्यायचं. मग बघू."

आणि त्यांनी खरंच तसं केलं. भाकरी थापताना न्हाई म्हणाल्या, शेजारणीदेखत न्हाई म्हणाल्या, संध्याकाळी देवापाशी दिवा लावता लावता देवालाही सांगितलं की मला काही हे पटलेलं नाही. शिवकन्यानं सगळं ऐकून घेतलं. अप्पाही ऐकत होते. सुरुवातीला मशीन काढून ठेवायचा मोह झाला, पण काढलं नाही.

अशातच एका दुपारी अप्पा माडीवर गेले. शिवकन्याचं कॉम्प्युटरातलं काम पुरं होत आलं होतं, तिच्या लाटेच्या रेघा खऱ्या रेघांवर अगदी चपखल बसायला लागल्या होत्या. अप्पांनी ते पाहिलं, मान डोलावली आणि मग भुवया आकसून लॅपटॉपकडं कान नेला.

"ह्यो घरघर करायलाय."

"पंखा हाय आतला. लय दिवसांपासून वाजतो."

"धूळ बसली आसंल. बंद कर. तिकडं परदेशात कुणाकडनं साफ करून घेशील?"

ते खालून बारीक पेचकस आणि रंगाचा मऊ ब्रश घेऊन आले. खिडकीच्या उजेडात पाठमोरे बसून त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि पंख्याच्या एकेका पात्यावरची धूळ हलक्या हातानं झाडायला सुरुवात केली. गौराबाई शेंगदाण्याचं ताट घेऊन वर आल्या. दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग लेकीच्या शेजारी टेकून, तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "तिकडं ज्वारीचं पीठ मिळतं का गं?"

"न्हाई मिळत बहुतेक."

"मग दळूनच द्यावं लागंल."

शिवकन्यानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

खिडकीशी बसलेल्या अप्पांनी ब्रशवरची धूळ फुंकली आणि मान वर न करता विचारलं, "किती किलो नेऊ देतेत इमानात?"